गंधाचा एकतर्फी निकाल

मनुष्याच्या पंचेंद्रियांपैकी निवाडा करण्याची घाई नाकाइतकी दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाला नसते. डोळ्यांना न रुचलेली वस्तू आपण पुन्हा एकदा निरखून पाहतो, कानांना कर्कश वाटलेला स्वर दुसऱ्यांदा ऐकण्याची तयारी ठेवतो. परंतु नाकाने एकदा प्रतिकूल कौल दिला की चेहरा आक्रसतो, पाऊल मागे सरते, आणि ज्या पदार्थाविषयी हा कौल झाला त्याच्याबरोबर तो आवडीने खाणारा मनुष्यही, त्याचे घर, त्याची जात आणि त्याचा देश यांसह, आपल्या मनात एक पायरी खाली उतरतो. सुक्या बोंबलाचे कालवण, स्वीडनमधील आंबवलेला हेरिंग मासा, बेल्जियम-जर्मनीकडील लिंबुर्गर चीज, मलायातील दुरियान आणि पत्र्याच्या डब्यात येणारे मांस हे पदार्थ परस्परांपासून कितीही दूरचे असले, तरी त्यांच्यावर होत आलेला अन्याय एकाच जातीचा आहे. आणि ज्याअर्थी यांपैकी काही पदार्थ मी मनापासून आवडीने खातो, त्याअर्थी त्या निकालाची फेरतपासणी मागणे हा माझा हक्क आहे, असे मी मानतो.

प्रथम ज्या इंद्रियाच्या साक्षीवर हा निकाल उभा आहे, त्याची साक्ष कितपत पुरी असते ते पाहावे. गंध आपल्या नाकातील संवेदनस्थानापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट बाहेरची, श्वासाबरोबर नाकपुड्यांतून आत जाणारी. दुसरी आतली, घास चावला जात असता तोंडातून, घशाच्या मागील बाजूने वर चढणारी. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली असे प्रतिपादन केले की, गंध तोच असला तरी या दोन वाटांनी येताना तो मनाला निरनिराळा प्रतीत होतो. आणि म्हणूनच जे चीज हुंगताना नकोसे वाटते, तेच जिभेवर ठेवल्यावर तृप्ती देऊ शकते. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचा अनुभव याची उत्तम साक्ष आहे. मलाक्का येथे घरात आणलेल्या दुरियानाच्या वासाने तो इतका विटला की ते फळ त्याला चाखवेना. पुढे बोर्निओत पिकून गळून पडलेले एक फळ त्याने उघड्या हवेत खाल्ले, आणि त्या क्षणापासून तो दुरियानाचा कायमचा भक्त झाला, अशी नोंद त्याने १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. तात्पर्य, जो मनुष्य दाराबाहेर उभा राहून दुसऱ्याच्या स्वयंपाकाविषयी मत देतो, त्याने एकाच साक्षीदाराची जबानी ऐकलेली असते; दुसरा साक्षीदार केवळ खाणाऱ्याच्या मुखात उपस्थित असतो.

बरे, बाहेरच्या वाटेने मिळणारी ही अर्धी साक्षही निर्लेप असते असे नाही. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकच गंध हुंगायला दिला. मात्र कधी त्यासोबत चीजचे नाव दाखविले, तर कधी अंगाच्या घामाचे. चीजच्या नावाने जो गंध सुखद वाटला, तोच घामाच्या नावाने बराच अप्रिय ठरला. आपल्या महाराष्ट्रातील सोवळ्या स्वयंपाकघराकडे पाहिले तरी हेच दिसून येईल. अफगाणिस्तान आणि इराण येथील एका रानटी झाडाच्या मुळातून पाझरणारा, गंधकयुक्त द्रव्यांमुळे उग्र दर्प सोडणारा हिंगाचा डिंक जो प्रथमच हुंगेल, त्याला तो भक्ष्य पदार्थ आहे यावर विश्वासही बसणार नाही; आणि तरीही कांदा-लसूण ज्या घरात वर्ज्य, त्याच घरातील आमटीची फोडणी हिंगावाचून पुरी होत नाही. त्या घरातील मनुष्याला हिंगाचा वास येत नाही असे नव्हे, तर तो वास येताच त्याला जेवणाची वेळ झाल्याची, आईच्या हातची, सणावाराची स्मृती होते. शेजारच्या घरातून येणाऱ्या भाजलेल्या सुकटीच्या वासाने कोळ्याच्या मुलाच्या मनात अगदी हीच स्मृती जागी होते. परंतु पहिल्या वासाला आपण सात्त्विक म्हणतो आणि दुसऱ्याला दुर्गंधी.

या संदर्भात डबाबंद मांसाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे, कारण त्या पदार्थाला उग्र वास असा जवळजवळ नाहीच, आणि तरीही त्याच्या नावाने नाके मुरडली जातात. अन्न काचेच्या बाटलीत घालून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवली असता आतला पदार्थ महिनोगणती टिकतो, हे निकोलस अपेर या फ्रेंच हलवायाने दीर्घ खटाटोपानंतर सिद्ध केले. १८१० साली त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे इनाम मिळाले. अन्न का टिकते हे मात्र त्याला उमगले नव्हते; त्याचा उलगडा पाश्चर या शास्त्रज्ञाच्या संशोधनाने सुमारे अर्धशतकानंतर झाला. इंग्लंडमध्ये काचेच्या जागी कल्हईचा पत्रा आला, १८१३ साली लंडनमध्ये कारखाना निघाला, आणि ताज्या अन्नापासून दूर असलेल्या आरमाराला नवी रसद लाभली. पुढे १९३७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ऑस्टिन या गावी हॉर्मेल कंपनीने डुकराचे मांस, मीठ, पाणी, साखर आणि सोडियम नायट्राइट एवढ्या साहित्यातून स्पॅम हा पदार्थ बाजारात आणला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजांच्या पाठोपाठ तो पॅसिफिक महासागराच्या बेटाबेटांवर जाऊन पोहोचला. सैनिक त्याला कंटाळले. परंतु ज्या प्रदेशांत युद्धाने शेती, मासेमारी आणि पशुधन यांची धूळधाण केली होती, तेथील लोकांना तो अन्नाचा आधार वाटला.

हवाई बेटांवर युद्धकाळात जपानी वंशाच्या कोळ्यांच्या मासेमारीवर कडक निर्बंध आले. ताज्या मासळीची उणीव भासू लागली, आणि डब्यातील मांसाने ताटात जी जागा मिळविली ती कधीच सोडली नाही. भाताच्या घट्ट वडीवर सोयासॉस आणि साखर यांत परतलेला स्पॅमचा काप ठेवून, भोवती समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळून केलेली मुसुबी आज तेथे लहानथोर सर्व जण आवडीने खातात. ओकिनावात हेच मांस कारल्याबरोबर परतले जाते. कोरियात १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर उइजोंगबू गावाच्या आसपासच्या अमेरिकन छावण्यांतून बाहेर पडणारे डबाबंद मांस आणि सॉसेज यांत किमची आणि मिरचीचा आंबवलेला मसाला घालून उपाशी लोकांनी जे कालवण शिजविले, ते बुदे जिगे या नावाने पुढे देशभर रूढ झाले. आणि चुसोक या शरदातील सणाला त्याच मांसाचे डबे सुंदर पेटीत घालून आप्तेष्टांना नजर करण्याची चाल त्या देशात पडली. एकाच डब्याला एका देशात दारिद्र्याची खूण मानावे आणि दुसऱ्या देशात सणाची भेट मानावे, हा फरक त्या मांसातून उत्पन्न झालेला नाही. तो डबा उघडताना ज्याच्या त्याच्या मनात कोणता इतिहास उघडतो, यावर तो अवलंबून आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा सुका बोंबील हाही अशाच निकडीतून जन्मला. ताज्या बोंबलाच्या अंगात पाणी इतके असते की तो फार काळ टिकत नाही. आणि पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या किनाऱ्याला लागतात. म्हणून सातपाटी, अर्नाळा, वसई, वर्सोवा येथील कोळी स्त्रिया बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करतात आणि बांबूंच्या वलांडींवर त्या वाऱ्या-उन्हात वाळत घालतात. जवळा, करंदी, सोडे, वाकट्या यांचीही आगोटीची बेगमी होते, आणि यांपैकी बराच माल घाटावरच्या आठवडी बाजारापर्यंत जाऊन, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या भाकरीला चव आणतो. या मासळीच्या वासाचे शास्त्रही मोठे सुबोध आहे. खाऱ्या पाण्यात तगून राहण्यास साहाय्यभूत असे एक द्रव्य समुद्री माशाच्या शरीरात असते; मासा मेल्यावर सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर ट्रायमिथिलअमाइन नावाच्या उडून जाणाऱ्या द्रव्यात करतात, आणि तोच तो सुपरिचित वास. कालवणात आमसूल किंवा चिंच पडली की आम्लाच्या योगाने हे द्रव्य बांधले जाते आणि त्याचे उडणे मंदावते. ही विद्या ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने जपली, त्यांच्या स्वयंपाकाला ओंगळ म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

किळस ही निरर्थक भावना आहे, असा मात्र माझा दावा नाही. कुजलेल्या अन्नापासून आपल्याला वाचविणारी ती जुनी, विश्वासू पहारेकरीण आहे; फुगलेला डबा दिसताच तो फेकून द्यावा, ही तिची आज्ञा सर्वस्वी शहाणपणाची आहे, कारण त्यात प्राणघातक विष असू शकते. परंतु नासणे आणि आंबवणे यांतील सीमारेषा नाकाला आपोआप कळत नाही. ती परंपरेने शिकावी लागते. स्वीडनमधील सुरस्ट्रोमिंग हा हेरिंग मासा, तो कुजू नये इतपतच मीठ घालून आंबविला जातो, डब्यातही त्याचे आंबणे चालू राहते आणि डबा फुगतो. तेथील माणूस तो उघड्या हवेत फोडतो आणि पातळ रोटी, बटाटा व कांदा यांच्यासह चवीने खातो. आइसलँडमधील ग्रीनलंड शार्क ताजा खाल्ला तर बाधतो. आठवडेच्या आठवडे वाळूरेतीत पुरून आणि नंतर महिनोन्‌महिने टांगून ठेवल्यावरच तो खाण्याजोगा होतो. आपल्याला जी सडण्याची क्रिया वाटते, ती तेथे शुद्धीची क्रिया आहे.

याहून अवघड प्रश्न सक्तीचा आहे. अन्न आवडीचे आहे म्हणून ते ज्या परिस्थितीतून आले ती परिस्थितीही गोड मानावी, हा विचार मला सर्वथा अमान्य आहे. १९२७ साली महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी दलितांना मृत जनावरांचे मांस सोडण्याचा जो उपदेश केला, तो समाजाने लादलेल्या हीनत्वाविरुद्धचा पुकार होता, आणि त्याचे मोल कोणत्याही रसनेच्या आनंदाहून मोठे आहे. परंतु मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्यांची आणि तत्सम पदार्थांची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात केली, तेव्हा मराठी पाकशास्त्राच्या दप्तरात ज्यांना सहसा जागा मिळत नव्हती त्यांना ती मिळाली, हेही तितकेच खरे. सक्ती झुगारून द्यावी आणि सक्तीतही माणसांनी जे कौशल्य कमावले त्याचा मान राखावा, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

असे असता, आज मुंबईसारख्या शहरात मासळी खाणाऱ्याला बिऱ्हाड नाकारले जाते, आणि त्यासाठी वासाचे कारण पुढे केले जाते, तेव्हा मला मनस्वी दुःख होते. कारण ते कारण पुष्कळदा खरे कारण नसते. सामाईक जागेत उग्र वासाला मर्यादा घालावी, हे मला मान्य आहे. सिंगापूरच्या आगगाड्यांत दुरियान नेण्यास मनाई आहे; परंतु तो नियम करणारे लोक स्वतः दुरियानाचे चाहते आहेत, म्हणून त्या मनाईत कोणाचा अपमान होत नाही. आपल्याकडेही नियम असाच व्हावा: जागेपुरता, वेळेपुरता, हिंगाला आणि बोंबलाला सारखाच लागू असणारा. स्वतःच्या ताटाविषयी प्रत्येकाचा नकार मी निमूटपणे मान्य करीन, कारण तो त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या ताटाविषयीचा निकाल मात्र ज्याने घास घेतला त्याची जबानी नोंदविल्यावाचून देऊ नये, आणि ती नोंदवून घेण्याची ज्याची तयारी नसेल त्याने तो देण्याचा अधिकारही आपण होऊन सोडावा.