उशिराचे दोनशे रुपये

जानेवारीत ऑफिसमधल्या एका मित्राच्या लग्नासाठी चंद्रपूरला गेलो होतो. लग्न शनिवारी होतं आणि माझी परतीची गाडी सोमवारी, त्यामुळे मधला अख्खा रविवार रिकामा होता. ताडोबाच्या सफारीचं बुकिंग मिळालं नाही, आणि तिथे स्वतःची दुचाकी घेऊन फिरता येत नाही. म्हटलं, एखादी बाइक भाड्याने घेऊ आणि शहर, आजूबाजूची देवळं, नदी असं जमेल तेवढं बघून येऊ. गोव्यात हे किती वेळा केलेलं.

गोव्यात हे सोपं असतं. मोटारसायकली भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची १९९७ सालची योजना आहे, तिच्याखाली परवाना मिळतो, आणि भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. चंद्रपुरात मला अशी गाडी सापडली नाही. लॉजच्या काउंटरवरच्या मुलाने एक फोन लावला आणि अर्ध्या तासात एका गॅरेजमध्ये काम करणारा, साधारण माझ्याच वयाचा एक जण त्याची स्प्लेंडर घेऊन आला. पाटी पांढरी. खासगी गाडी अशी भाड्याने देणं-घेणं नियमात बसत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे मला माहीत होतं. तरी घेतली. ही त्या दिवशीची माझी पहिली चूक. पण मला लिहायचंय ते दुसरीबद्दल.

"पाचशे द्या, पेट्रोल तुमचं," तो म्हणाला. "फक्त सहाच्या आत आणून देजा. सहाला माझी सुट्टी होते."

"उशीर झाला तर तासाला शंभर रुपये वरून देईन," मी म्हणालो.

"ते राहू द्या जी. सहाच्या आत येजा."

मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडे माणूस 'राहू द्या' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा भिडेपोटी म्हणत असतो. मी तसंच धरून चाललो. माझ्या डोक्यात करार पूर्ण झाला होता: दिवसाचे पाचशे, उशिराचे तासाला शंभर.

सकाळ शहरात गेली. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांच्या तटाचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आजही उभे आहेत. जटपुरा गेटमधून गाडी काढताना गंमत वाटते, शेकडो वर्षांच्या कमानीखाली आपण आणि शेजारी भाजीचा ऑटो. अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बिरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने बांधली. महाकालीचं दर्शन घेतलं, फोटो काढले, आणि मग मूलच्या रस्त्याला लागलो. लोहाऱ्यानंतर जंगल सुरू होतं. रस्त्याच्या कडेला वाघाची चित्रं असलेल्या पाट्या दिसायला लागतात: सावकाश चालवा, वन्यप्राण्यांचा वावर आहे. एका पाटीसोबत मी सेल्फी घेतला.

मूलवरून चामोर्शीचा रस्ता धरला की वैनगंगा ओलांडताना आपण गडचिरोली जिल्ह्यात जातो. १९८२ पर्यंत हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. माझं ठिकाण होतं मार्कंडा. वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते आणि काठावर दगडी देवळांचा समूह आहे. भिंतीवरच्या मूर्ती बघताना मान अवघडते, तरी नजर हलत नाही. जत्रा महाशिवरात्रीची, त्यामुळे जानेवारीत गर्दी नव्हती. दुपारी मी नदीच्या पात्राकडे जाऊन बसलो.

चार वाजता मोबाइलवर मॅप उघडला. चंद्रपूरला पोचायला दोन तास. म्हणजे लगेच निघायला हवं होतं. समोर पाणी संथ होतं, ऊन उतरायला लागलं होतं, आणि मी अगदी स्पष्ट शब्दांत मनात म्हणालो, फार तर दोनशे रुपये जास्त जातील. पुण्यात एका कॉफीचे तेवढे देतो. सूर्यास्त बघूनच जाऊ.

उठलो तेव्हा पावणेसहा झाले होते.

मूलला पोचलो तेव्हा सात वाजले होते. पाणी घ्यायला थांबलो आणि फोन बघितला. त्याचे तीन मिस्ड कॉल होते. परत फोन केला नाही. आता चिडलेलं बोलणं ऐकून घेण्यात काय अर्थ आहे, पोचल्यावर समोरासमोर बोलू, असा विचार केला. मूल ते चंद्रपूर या अंधाऱ्या रस्त्यावर माझी चांगलीच तंतरली होती. दोन्ही बाजूंना काही दिसत नव्हतं. मी पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून, मागे राहणार नाही अशा बेताने गाडी हाकत आलो.

सव्वाआठला गॅरेजवर पोचलो. मालक शटर ओढत होते. "तो गेला," ते म्हणाले. "अजून थांबला असता तं काळीपिवळी सुटली असती. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर पायी आहे त्याचं गाव. मधात जंगल. मागच्या महिन्यात तिथंच बैल मारला वाघानं."

फाट्याचं नाव त्यांनी सांगितलं. मूलच्याच रस्त्यावरचा फाटा. तासाभरापूर्वी मी त्याच फाट्यावरून, त्याच्याच गाडीवरून पुढे आलो होतो. मूलमधून एक फोन केला असता तर तो म्हणाला असता, फाट्यावर थांबा.

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. टाकीत पेट्रोल होतं. मागे जाऊन त्याला गाठता आलं असतं, निदान बघून तरी येता आलं असतं. मी गेलो नाही. मला भीती वाटली. जिथे गाडीवरून जायची माझी हिंमत होत नव्हती, तिथे तो माझ्यामुळे पायी निघाला होता. त्याचा फोन लागत नव्हता. लॉजवर येऊन खोलीत बसून राहिलो.

नऊ वीसला त्याचा फोन आला. "पोचलो जी. इकडे टॉवर राहत नाही. भाऊ आणि शेजारचा एक जण बॅटरी घेऊन फाट्यावर आले होते. गाडी ठेवली ना गॅरेजमध्ये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनला जाण्याआधी गॅरेजवर गेलो. भाड्याचे पाचशे आधीच दिले होते. आता उशिराचे दोनशे पुढे केले. त्याने काही न बोलता घेतले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. मला एकदम हलकं वाटलं. गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत ते हलकेपण टिकलं. मग तेच खुपायला लागलं. कसला भार उतरला होता? दोनशे रुपयांत नेमकं काय फिटलं होतं?

लहानपणी आमच्या चौकात एक सायकलवाला होता, तासावर सायकल द्यायचा. वहीत नाव आणि वेळ लिहायचा. उशीर झाला तर जास्तीच्या तासाचे पैसे घ्यायचा, रागवायचा नाही. त्याच्याकडे वीस सायकली होत्या. माझ्या उशिराने त्याचं काही अडत नव्हतं. आणि घरासमोरच्या काकांची सायकल मागून नेली तर? एक पैसा द्यावा लागायचा नाही, पण त्यांची ड्युटी चारला असायची, आणि पावणेचारला ती दारात उभी नसेल तर आई मला घरात घ्यायची नाही. विकत घेतलेल्या वेळेत मी निवांत असायचो, मागून घेतलेल्या वेळेत सावध. चंद्रपुरात मी मागून घेतलेली गाडी भाड्याच्या निवांतपणाने चालवली.

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं निवडली. पालक मुलांना न्यायला उशिरा येत, शिक्षिकांना थांबून राहावं लागे. त्यातल्या सहा ठिकाणी उशिराला दंड लावला. अपेक्षा अशी की उशीर कमी होईल. झालं उलटं. उशिरा येणाऱ्या पालकांचं प्रमाण वाढून जवळपास दुप्पट झालं. आणि नंतर दंड काढून टाकला तरी ते खाली आलं नाही. २००० साली हे प्रसिद्ध झालं. आधी पालकांना वाटायचं, बाई आपल्यामुळे अडकून पडल्यात. दंड आल्यावर वाटायला लागलं, आपण जास्तीच्या वेळेचे पैसे देतोय. हैफात दंड निदान पाळणाघराने लावला होता. इथे तो लावणारा मीच होतो, आणि समोरच्याने तर 'राहू द्या' म्हटलं होतं. ते भीड म्हणून म्हटलेलं नव्हतं. त्याला उशीर विकायचाच नव्हता.

एका मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू उगाच मनाला लावून घेतोयस. तो सज्ञान माणूस आहे, पैशांची गरज होती म्हणून गाडी दिली, पैसे मिळाले, काही झालंही नाही. यातला पहिला मुद्दा मला मान्य आहे. गाडी घेतलीच नसती तर त्याचे पाचशे बुडाले असते. त्याच्या गरिबीबद्दल हळहळून त्याचा व्यवहार बंद पाडणं हे काही त्याचं भलं नव्हे. भाडं वाईट नाही. पण त्याने संमती दिली होती ती सहा वाजेपर्यंतच्या गाडीला. सहानंतरच्या जंगलाबद्दल आमचं काही बोलणं झालं नव्हतं. आणि बॅटरी घेऊन आलेल्या त्या दोघांनी तर कशालाच संमती दिली नव्हती. त्यांचा तासाचा दर कोणी विचारला नाही.

'काही झालं नाही' हा दुसरा मुद्दा जास्त फसवा आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. नेगलच्या उदाहरणांतलं एक असं: एका माणसाने गाडीचे ब्रेक बरेच दिवस तपासलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. नाही आलं, तर त्याला आपली चूक आठवणारसुद्धा नाही. निष्काळजीपणा दोन्हीकडे सारखाच, फरक फक्त मूल आडवं येण्या-न येण्याचा. मी ब्रेक न तपासलेला माणूस आहे. त्या रात्री त्या तीन किलोमीटरमध्ये वाघ नव्हता, यात माझं कर्तृत्व शून्य.

वाघ हा चंद्रपूर-गडचिरोलीत उदाहरणापुरता येणारा शब्द नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सर्वांत जुनं. तिथे वाघ दिसावा म्हणून आपण पैसे भरतो आणि दिसला नाही तर हिरमुसतो. त्याच जंगलाच्या कडेला माणसं मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, शेतावर, गुरांमागे जातात, आणि दर वर्षी त्यातली काही परत येत नाहीत. सरकार घरच्यांना भरपाई देतं. भरपाई द्यायलाच हवी. पण ती त्या माणसाची किंमत होती असं कोणी म्हणत नाही. अशा भागात स्प्लेंडरचा अर्थ वेगळा आहे. मला ती फिरायचं साधन होती, त्याला ती अंधार आणि घर यांच्यामधली भिंत होती. पाचशे रुपयांत मी एका दिवसापुरती ती भिंत हलवली, आणि संध्याकाळी जागेवर ठेवायला विसरलो. विसरलोही नाही खरं तर. दोनशेत परवडतंय म्हणून ठेवली नाही.

मग काय करायला हवं होतं? फार काही नाही. किल्ली घेताना एक प्रश्न विचारायला हवा होता: तुम्ही घरी कसे जाणार? भाडेकरारात हा प्रश्न नसतो, मॅपला तो पडत नाही. मूलमध्ये तीन मिस्ड कॉल बघितल्यावर एक फोन करायला हवा होता. आणि सोमवारी सकाळी दोनशे रुपये देण्याआधी एक वाक्य म्हणायला हवं होतं. ते मी म्हणालोच नव्हतो, हे पुण्यात आल्यावर लक्षात आलं. नोटा पुढे केल्यामुळे ते म्हणायची गरजच उरली नव्हती.

तीन आठवड्यांनी त्याला फोन केला. ओळख पटायला जरा वेळ लागला. म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं, तुम्ही सांगूनही मी वेळेत आलो नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं आता म्हणेल, राहू द्या जी, काही होत नाही.

"हो जी, चुकलंच तुमचं," तो म्हणाला. "माय रडत होती त्या दिवशी."

सोमवारी हे तो बोलला नव्हता. पैसे घेतलेल्या माणसाने वर तक्रार कशी करायची, असं त्याला वाटलं असेल. मी जे बोलायचं टाळलं ते त्या दोनशे रुपयांनी झाकलं होतं, आणि त्याला जे बोलायचं होतं तेही. मी परत एकदा चुकलं म्हणालो. मग त्याने विचारलं, मार्कंडा आवडलं का? आवडलं म्हटलं. सूर्यास्ताबद्दल काही बोललो नाही.