वाट चालणाऱ्याची, कसोटी गावाची

पायी धम्मयात्रेची कल्पना अधूनमधून बोलली जाते. बोलणारे बहुधा नकाशापासून सुरुवात करतात आणि सातारा-सांगलीचा नकाशा त्यांना साथही देतो. शिरवळची लेणी, वाईजवळची लोहाऱ्याची लेणी, साताऱ्यात माता भीमाबाईंची समाधी आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांच्या मुलाचे, भीमराव आंबेडकरांचे, नाव जिथे दाखल झाले ती शाळा, पुढे कऱ्हाडच्या आगाशिव डोंगरातली साठेक लेणी, मसूर, खटाव आणि शेवटी शंकरराव खरातांची आटपाडी. आठ-दहा दिवसांची वाट सहज जुळते. पण ठिकाणे जुळली म्हणून यात्रा उभी राहत नाही. यात्रा उभी करतात ती वाटेवरची गावे आणि आपल्याकडे खरा प्रश्न तिथेच आहे.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. बाबासाहेबांनी 1956 मध्ये जो धम्म दिला, त्यात नवससायासांना आणि पुण्याच्या गाठोड्याला जागा नाही. मग ही नवी वारी कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो पुण्यासाठी चालण्याला लागू पडतो, नुसत्या चालण्याला नाही. गावोगाव हिंडायचे, मिळेल ते खायचे, लोकांशी बोलायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे, हा भिक्खूचा मूळ जीवनक्रम. आषाढात वारकरी वाटेवर असतो. त्याच आषाढाच्या पौर्णिमेला भिक्खूचे पाय थांबतात. अशा मुक्कामाला लेणी उपयोगी पडत. आगाशिवला अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत. अरुंद खोल्या, निजायला कातळातच कोरलेले ओटे, एखाद्या चैत्यगृहात स्तूप, बाहेर पाण्याची टाकी. कला पाहायला आलेला माणूस हिरमुसतो. पण दमून आलेल्या पांथस्थाला काय लागते, याचा हिशेब तिथे चोख आहे : पाठ टेकायला जागा आणि प्यायला पाणी.

लेण्यांचा हा खर्च एकट्या राजांनी केलेला नाही. त्या काळच्या दानलेखांत व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्खुणी भेटतात. करहाकट म्हणजे आजच्या कऱ्हाडच्या नगरजनांचे दान मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपावर नोंदलेले आहे. कोकणात कुड्याच्या लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिल्याचा लेख आहे. आपल्या गावापासून इतक्या दूर, कधी न भेटणाऱ्या वाटसरूसाठी पैसे मोजणारी माणसे या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होती.

त्याच कऱ्हाड तालुक्यात मसूर स्टेशन आहे. 1901 च्या सुमारास भीमराव, त्यांचा भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले तिथे उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुले चांगल्या कपड्यांत होती, म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान मिळाला, तोही एका अटीवर : बैल मुलांनी हाकायचे आणि तो शेजारून पायी येणार. ज्याला विटाळ नको होता, तो चालला. मुलांजवळ जेवण होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही, म्हणून ती उपाशी निजली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. या भागातल्या धम्मयात्रेचे खरे स्थान मला आगाशिवपेक्षा मसूर ते खटाव हा रस्ता वाटतो.

पायी चालण्याला इथे आणखी एक इतिहास आहे, वेठीचा. सांगावा पोचवायचा, वसूल तालुक्याला न्यायचा, अंमलदार आला की त्याच्या पुढे धावायचे, अशी तंगडतोड महारांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथेतला तराळ तो हाच. 1958 च्या कायद्याने या कामांशी जोडलेली वतने गेली. म्हणून आजचा बौद्ध तरुण दीक्षाभूमीला रेल्वेने आणि चैत्यभूमीला स्वतःच्या गाडीने जातो, यात मला आळस दिसत नाही. ज्याच्या आज्याला चालण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याने तिकीट काढून ऐटीत बसणे हाही हक्कच आहे. त्याने आपणहून चालावे असे वाटत असेल, तर त्याला तसे भक्कम कारण दिले पाहिजे.

ते कारण वाटेवरच्या दारांत आहे. जपानच्या शिकोकू बेटावर बौद्ध आचार्य कोबो दाईशींच्या नावाने 88 मंदिरांची सुमारे 1200 किलोमीटरची परिक्रमा आहे. आता बहुतेक यात्रेकरू बस-मोटारीने जातात. पण जे चालतात त्यांना अनोळखी माणसे थांबवून फळे, चहा, कधी पैसे देतात, कुणी निजायला जागा देतो. आपल्याकडे माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात आली की लोणंद, तरडगाव, फलटणची घरे वारकऱ्यांसाठी अशीच उघडतात. पण ही पालखी ज्या पंढरीला जाते, तिथेच चोखोबा बाहेर राहिले आणि विठ्ठलाचे दार उघडायला 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. रस्त्यावरची समता उंबरठ्याच्या आत जातेच असे नाही.

2023 मध्ये थायलंडचे भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत चालत आले. परदेशी पाहुण्यांचे स्वागत करणे सोपे असते. आपल्याच तालुक्यातला, आडनावावरून जात ओळखू येणारा यात्रेकरू दाराशी आला तर काय होईल, हे अवघड आहे आणि तेच तपासायला हवे.

म्हणून वर्षावास संपल्यावर, सुगीच्या दिवसांत ही यात्रा काढायचीच असेल, तर मुक्काम फक्त बौद्धवाड्यांतल्या विहारांत ठेवू नयेत. तसे केले तर आपण आपल्याच घरातून निघून आपल्याच घरी पोचू. मुक्काम शाळेत, ग्रामपंचायतीत, मराठ्याच्या, धनगराच्या, लिंगायताच्या ओसरीवर व्हावेत. यात्रेचे यश किती माणसे चालली यावर मोजू नये. किती दारांतून पाण्याचा तांब्या बाहेर आला, हे मोजावे. सुरुवात मसूरपासून करावी. चार तहानलेल्या मुलांचे देणे त्या वाटेवर अजून बाकी आहे आणि ते चालणाऱ्यांनी नव्हे, वाटेवरच्या गावांनी फेडायचे आहे.