शेवटचा बाक

"फादर, तिला कम्युनियन द्याच असं मी म्हणत नाही. एकदा तिच्याकडे बघा तरी."

वसईच्या आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा नुकतीच संपली होती. सगळे वेदीकडे निघाले की माझी भाची शेवटच्या बाकावर बसून राहते. पाच वर्षांची लेक "मम्मा, चल ना" म्हणत ओढणी ओढते. भाची प्रार्थनापुस्तकाची पानं उलटत राहते, वाचत काहीच नसते. पहिला नवरा टाकून गेला, कोर्टात घटस्फोट झाला, दुसरं लग्न रजिस्टर, म्हणून तिला कम्युनियन नाही.

"बाई, मार्कच्या दहाव्या अध्यायातला घटस्फोटाबद्दलचा शब्द प्रभूचा आहे. तो मला सैल करता येत नाही."

"करूही नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही तेच शिकवते. पण योहानाच्या आठव्या अध्यायात प्रभूनं आधी लोकांच्या हातातले दगड सोडवले, पाप सोडायला त्या व्यभिचारात पकडलेल्या बाईला नंतर सांगितलं."

"तिला दगड कुणी मारला?"

"कुणी नाही. सात वर्षांत तिच्या दारातही कुणी गेलं नाही."

फादर थोडा वेळ गप्प राहिले. "पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली 'आमोरिस लेतित्सिया' या उपदेशपत्रात लिहिलंय, अशी माणसं चर्चबाहेर टाकलेली नाहीत. त्यांच्यासोबत बसून परिस्थिती समजून घ्या. त्यावर कार्डिनलांतही वाद झाला, म्हणून मी घाईनं हो म्हणणार नाही."

"लग्नाच्या वेळीच त्याला संसार करायचा नव्हता, त्यानं ते लपवलं, असं ती सांगते."

फादर सावरून बसले. "मग तो विवाह मुळात वैध होता का, हे धर्मप्रांताचं न्यायालय तपासू शकतं. पूर्वी दुसऱ्या न्यायालयाचाही तोच निकाल यावा लागायचा, 2015 साली ती अट गेली. हे तिला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

मला खोट इथेच दिसते. विवाह अतूट आहे, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ते ज्याला सोसायचंय त्याच्या शेजारी बसायला वर्षं लागतात आणि तेवढा वेळ आपण काढत नाही.

"आणि विवाह वैधच होता, असा निकाल लागला तर?" मी विचारलं.

"तर तेही मीच सांगेन, तिच्या घरी बसून. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन. घर कुठलं?"

"बावखलाच्या पलीकडे, केळीच्या वाडीला लागून."

त्यांनी डायरी काढली आणि लिहिलं: गुरुवार, संध्याकाळी 6.