सन्निधान आणि असन्निधान

देव दृष्टीआड असता साधकाने स्मरणाने त्यांच्याजवळ राहावे, ही असन्निधानाची रीत आपण जाणतो. आपल्या घरात मात्र नेमके उलट घडते. माणूस दृष्टीसमोर असतो आणि चित्त हातातील भ्रमणध्वनीत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरविले की, सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवावयाचे; मुलांनी अभ्यास करावा, घरात बोलणे व्हावे. निर्णय स्तुत्य खराच. परंतु भोंगा यंत्र बंद करवितो. चित्त वळविणे त्याच्या हाती नाही. त्या दीड तासात पिता पुत्रास काय विचारणार? परीक्षेतील गुणांवाचून दुसरा प्रश्न त्यास सुचतो काय?

म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या गावोगाव हिंडून, सांगणाऱ्यापुढे बसून. असे ऐकून घेणे आता घरच्या माणसालाही दुर्मिळ झाले. परदेशी गेलेल्या लेकाचे मुख यंत्रात पाहून पिता सुखावतो, त्याचा निषेध आम्ही करीत नाही. ते यंत्र आमच्या मठातही आहेच. पण शेजारच्या खोलीत त्याची वृद्ध माता बसलेली असते. तिच्याशी तो आज किती शब्द बोलला?