वस्तूत न उरणारे विष

एखादी वस्तू निर्दोष आहे असे आपण कशावरून ठरवितो? बाजारातून आणलेले तूप हुंगून पाहतो, धान्य निवडून घेतो, पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात ताक ठेवीत नाही. म्हणजे जी वस्तू हाती आली तिची परीक्षा करतो, आणि त्या परीक्षेत ती उतरली की आपले समाधान होते. बहुतेक व्यवहारांत एवढे पुरतेही. परंतु मोबाईल, संगणक, दूरदर्शन संच अशी जी उपकरणे आज घरोघरी आहेत, त्यांच्या बाबतीत ही परीक्षा अपुरी पडते. ती का अपुरी पडते याचा विचार करू लागले असता एक नैतिक प्रश्न उभा राहतो. त्याकडे सभासद कुटुंबांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

प्रथम झालेली चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. या उपकरणांत एके काळी बरीच घातक द्रव्ये राजरोस वापरली जात. निरनिराळे भाग एकमेकांस जोडण्याचे सोल्डर म्हणजे कथील व शिसे यांचे मिश्रण असे, आणि त्यात शिश्याचा भाग शंभरात सदतीसच्या आसपास असे. पडद्यामागील दिव्यांत पारा असे. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळलेली असत. युरोपीय संघाने २००३ साली यांविरुद्ध एक निर्देश काढला व तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियमचा एक विषारी प्रकार आणि ब्रोमीनयुक्त द्रव्यांचे दोन वर्ग यांवर त्याने मर्यादा घातली: हजारात एक भाग, आणि कॅडमियमपुरता दहा हजारांत एक. युरोपसाठी एक माल व इतरांसाठी दुसरा असे करणे कारखानदारांस परवडणारे नव्हते, म्हणून जगभरातील पुष्कळशा मालाला त्या निर्देशाचे वळण लागले. आपल्या देशात याच मर्यादा २०११ च्या ई-कचरा नियमांनी घातल्या व त्या १ मे २०१४ पासून लागू झाल्या. शिसेविरहित सोल्डर वितळविण्यास सुमारे पस्तीस अंश अधिक उष्णता लागते व त्यात चांदीही घालावी लागते, म्हणून पुष्कळांनी कुरकुर केली. पण काम अडले नाही.

हा कायदा चाळणीसारखा आहे, आणि चाळणीत राहते तेच चाळणीला कळते. वस्तूत जे उरते ते तो मोजतो. ग्राहकाचा हात ज्याला लागेल, किंवा वस्तू टाकून दिल्यावर जे जमिनीत झिरपेल, त्याचा बंदोबस्त त्याने केला. परंतु घडणीच्या वेळी जे वापरले जाते आणि वाळून हवेत जाते, त्याचा मागमूस वस्तूत राहत नाही. ते कुठे जाते? ते ज्या माणसाने वस्तू घडविली त्याच्या श्वासात जाते.

चीनमधील सुचौ शहरी एका तैवानी कंपनीच्या कारखान्यात मोबाईलच्या काचा पुसण्याचे काम चाले. ॲपल कंपनीच्या मोबाईलचे पडदे तेथे तयार होत. पूर्वी काचा अल्कोहोलने पुसल्या जात. पुढे त्याऐवजी एन-हेक्झेन नावाचा द्रव आणण्यात आला. हा पेट्रोलियमपासून निघतो, आणि त्याचा गुण इतकाच की तो अल्कोहोलपेक्षा लवकर उडून जातो. काच लवकर वाळते, म्हणून पाळीत काही काचा अधिक पुसून होतात. परंतु बंद दालनात त्याची वाफ दिवसेंदिवस हुंगली असता शरीरात त्याचे असे रूपांतर होते की हातापायांच्या लांब मज्जातंतूंस इजा पोचते. बोटे बधिर होतात, हातातील वस्तू निसटते, जिना चढवत नाही. २००९ साली तेथील कामगार आजारी पडू लागले. २०११ साली ॲपलने स्वतःच्या अहवालात बाधितांची संख्या १३७ असल्याचे मान्य केले. कारखान्याला तो द्रव बंद करावा लागला व पुन्हा अल्कोहोल आले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. या हकीगतीत अज्ञान नव्हते. एन-हेक्झेनचा हा दोष वैद्यकशास्त्राला कित्येक दशके ठाऊक होता. पर्यायही शोधायचा नव्हता. तो त्याच मेजावर आधीपासून होता व तेथून उचलण्यात आला होता. एका बाजूला एका काचेमागे वाचणारे काही क्षण आणि दुसऱ्या बाजूला माणसाची बोटे, असा तो सौदा होता. दक्षिण कोरियात २०१५ व २०१६ साली असेच घडले. मोबाईलचे ॲल्युमिनियमचे भाग कापणाऱ्या लहान कारखान्यांत एथेनॉलऐवजी मेथेनॉल वापरले जात होते, कारण ते स्वस्त पडे. निदान पाच तरुण कामगारांची दृष्टी त्यात गेली. विषारी दारू पिऊन आंधळे झालेल्यांच्या बातम्या आपण वाचतो; त्यांत डोळे घेणारे मेथेनॉलच असते. या मुलांनी मात्र एक थेंबही प्यालेला नव्हता.

आता आपला प्रश्न. तो मोबाईल ज्याने विकत घेतला त्याच्याकडे या दोषाचा काही अंश येतो की नाही?

पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करविलेली, आणि दुसऱ्याने केली असता संमती दिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध वा मोह असतो असेही ते म्हणतात. ही विभागणी आम्हांस येथे फार उपयोगी वाटते. ग्राहकाने हिंसा केली नाही, हे उघड आहे. करविली असेही म्हणता येणार नाही, कारण कोणाची बोटे बधिर व्हावीत असा त्याचा हेतू नव्हता आणि कोणता द्रव वापरावा हे त्याला कोणी विचारले नव्हते. राहिली संमती. संमतीसाठी जाणीव लागते. जे मला ठाऊकच नाही त्याला मी मान तरी कशी डोलावणार? म्हणून अजाण ग्राहकास दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. परंतु एकदा कळल्यावरही “आपल्याला काय त्याचे” म्हणून जो गप्प राहतो, त्याचे मौन संमतीच्या फार जवळ जाऊन बसते. सर्वांना सारखेच दोषी धरावे असे मात्र नाही. ज्याने बाटली बदलली तो प्रथम, ज्याने लवकर व स्वस्त माल मागून त्याला घाई केली तो त्यानंतर, ज्याने तपासणी केली नाही तो अधिकारी त्यापुढे, आणि ग्राहक या रांगेत शेवटी.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. एवढे चोखंदळ झालो तर कारखाने बंद पडतील व त्याच गरीब कामगारांची भाकरी जाईल. परंतु कारखाना बंद करा असे म्हणतो कोण? सुचौचा कारखाना अल्कोहोलवर चालत होता व पुन्हा अल्कोहोलवरच आला. भाकरी आणि विष यांची जोडी निसर्गाने जुळविलेली नाही. ती हिशेबाच्या वहीत जुळविलेली आहे.

सर्व दारोमदार जर जाणण्यावर आहे, तर जो जाणू देत नाही त्याचे काय? या मुद्द्यावर कोरियातील एका पित्याने पुष्कळ वर्षे लढा दिला. हवांग सांग-गी हे टॅक्सीचालक. त्यांची कन्या यु-मी शाळा संपताच २००३ साली सॅमसंगच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यात लागली. सिलिकॉनच्या चकत्या रसायनांत बुडवून काढणे हे तिचे काम. २००५ साली तिला रक्ताचा कर्करोग झाला, आणि मार्च २००७ मध्ये रुग्णालयातून घरी परतताना बापाच्याच टॅक्सीत तिने प्राण सोडला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिच्याच यंत्रावर तिच्या जोडीला काम करणारी दुसरी स्त्री आदल्या वर्षी त्याच रोगाने गेली होती.

अशा दालनांना स्वच्छ दालने म्हणतात, आणि ती स्वच्छ असतातही. पण ती स्वच्छता चिपसाठी. कामगार नखशिखांत पांढरा पोशाख घालतो तो त्याच्या अंगावरचा केस वा धूलिकण चिपवर पडू नये म्हणून. हवा गाळून फिरविली जाते ती धूळ अडावी म्हणून. त्या गाळणीतून द्रावकांची वाफ सुखेनैव पार होते. आपल्याकडे सोवळे नेसून स्वयंपाक करतात तो नैवेद्य विटाळू नये म्हणून. चुलीच्या धुरापासून स्वयंपाक करणारीचे डोळे काही त्या सोवळ्याने राखले जात नाहीत. तसाच हा प्रकार.

पित्याने विचारले, माझी मुलगी कोणत्या द्रव्यात हात घालीत होती? त्याचे पुरते उत्तर मिळेना; पुष्कळशी माहिती व्यापारी गुपित ठरली. आणि दुसरीकडे, रोग कामामुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर होता. म्हणजे पुरावा एकाच्या कुलपात आणि तो हजर करण्याची सक्ती दुसऱ्यावर! २०११ साली सेऊलच्या न्यायालयाने यु-मी व तिची जोडीदारीण यांचा रोग कामाशी निगडित मानला, आणि २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका कामगार स्त्रीच्या खटल्यात याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली: मालकाने किंवा सरकारी यंत्रणेने माहिती न दिल्यामुळे जर पुरावा अपुरा राहत असेल, तर ती उणीव कामगाराच्या बाजूने विचारात घेतली पाहिजे. झाकणाऱ्याला झाकण्याचा लाभ मिळू नये, एवढेच ते म्हणणे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सॅमसंगने जाहीर क्षमायाचना केली व एका रुग्णामागे पंधरा कोटी वोनपर्यंत भरपाईची योजना मान्य केली. रसायनांमुळेच रोग झाला असे मात्र कंपनीने म्हटले नाही. धोक्याची व्यवस्था पुरेशी राखली गेली नाही, इतकेच म्हटले.

हे सारे चीनचे व कोरियाचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. अशा विषाची एक खोड आहे. ते एका ठिकाणाहून हाकलले की दुसरीकडे बिऱ्हाड करते. चिप बनविणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेत १९८६ साली एका पाहणीत प्रथम दिसले. १९९२ पर्यंत मोठ्या पाहण्यांनी त्याला पुष्टी दिली, ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रावकांवर बोट ठेवले गेले, आणि तेथील कारखान्यांनी ती सोडून दिली. परंतु तोवर चिपांची पुष्कळशी घडण आशियाकडे सरकू लागली होती, आणि अमेरिकेतील स्त्रियांच्या अनुभवाचे शहाणपण यंत्रांबरोबर आपोआप जहाजावर चढत नाही.

आता ही यंत्रे आमच्या बडोद्यापासून फार दूर नाहीत. साणंदला २०२३ साली व धोलेऱ्याला २०२४ साली चिपांच्या मोठ्या कारखान्यांची पायाभरणी झाली. हे व्हावे, याचा आम्हांस आनंदच आहे. आपल्या घरांतील पदविकाधारक मुले-मुली तेथे अर्ज करतील, नव्हे, काहींनी केलेही असतील. कोयलीची रिफायनरी व नंदेसरीचे कारखाने पाहिलेल्या या नगराला रसायनांचा शेजार नवा नाही. पण त्या रसायनांना निदान वास असतो आणि त्यांची भीती वाटते. लखलखीत पांढऱ्या दालनाची भीती कोणाला वाटत नाही.

सुधारणेचे मार्ग मोकळे आहेत, आणि काही कंपन्या त्यांवर चालू लागल्या आहेत. ॲपलने २०१४ साली अंतिम जुळणीच्या कामात बेन्झिन व एन-हेक्झेन वापरण्यास मनाई केली. क्लीन इलेक्ट्रॉनिक्स प्रॉडक्शन नेटवर्क या संस्थेने २०२२ साली एक कार्यक्रम आरंभिला असून त्यात बेन्झिन, मेथेनॉल, एन-हेक्झेन, टोल्युईन यांसह नऊ द्रव्ये प्रथम हटविण्याची यादी आहे. जोखीम जेथे टाळता येत नाही तेथे हवा खेचून घेणारे झोत, बंदिस्त यंत्रे, हातमोजे ही व्यवस्था असतेच. पण त्यांचा क्रम शेवटचा. प्रथम द्रव बदलावा, मग यंत्र झाकावे, आणि मग माणसाला मोजे द्यावेत. बहुतेक ठिकाणी आरंभ मोज्यांपासून होतो, कारण ते सर्वांत स्वस्त.

घरी बसून आपण काय करावे? मोबाईल बिघडला नसता बदलू नये, बिघडला तर दुरुस्त करून घ्यावा. जितक्या कमी वस्तू घडतील तितकी कमी वाफ. दुकानदाराला “हा कशाने पुसला?” असे विचारले तर तो हसेल. हसो बापडा. परंतु ज्यांचे मूल अशा कारखान्यात लागेल त्यांच्या हाती याहून अधिक आहे. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारास देण्याचे बंधन भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली असली तरी हे बंधन तिच्यातही आहे. तेव्हा रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात मुलाने वा मुलीने बाटलीवरचे नाव लिहून घरी आणावे, पूर्वी त्या जागी काय वापरीत होते ते जुन्या कामगारास विचारावे, आणि वैद्यकीय तपासणी झाली की तिच्या नोंदीची प्रत मागून घेऊन घरच्या कागदपत्रांत ठेवावी.