तेल लावणाऱ्या बाईने आपले मोल सांगावे काय?

गावोगावी ज्या बाया बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याचे काम करितात, त्यांस मोल विचारले असता पुष्कळींचे उत्तर एकच असते: “तुम्हांला काय वाटेल ते द्या.” हे ऐकून घरच्यांस बरे वाटते, व बाई नम्र आहे असे सर्व म्हणतात. उलट एखादीने “मी एवढे घेईन” असे पहिल्याच दिवशी सांगितले, तर तिच्यामागे बोलणे होते की, हिला पैशाचा लोभ सुटला आहे. यावरून प्रश्न उत्पन्न होतो तो असा: जे काम मायेच्या हातांनी करावयाचे, त्याचे मोल आधी बोलून ठरविणे नीतीस धरून आहे काय? आमचे मत असे की, ते नीतीस धरून आहे इतकेच नव्हे, तर ते न बोलणे हेच पुष्कळदा दोन्हीकडच्या अनीतीचे मूळ होते.

प्रथम ते काम काय आहे हे नीट ध्यानात घेऊ. ही बाई सकाळी येते. बाळंतिणीच्या पाठीस, कमरेस, पायांस तेल चोळते. मग पाटावर बसून, पाय लांब करून, बाळास आपल्या नडग्यांवर घेते व त्याच्या अंगास बेताने तेल लाविते. पाणी किती कढत असावे हे तिच्या हातास कळते. ज्याची मान अजून धरत नाही असे मूल एका हातावर पालथे तोलून दुसऱ्या हाताने पाणी घालणे, हे ज्याला सोपे वाटत असेल त्याने एकदा करून पाहावे. असे सव्वा महिना चालते, आणि कोठे कोठे त्याहूनही अधिक दिवस. न्हाणे हे सकाळचे काम असल्यामुळे तीन-चार घरांपलीकडे तिला जाता येत नाही. तिचे सर्व भांडवल म्हणजे तिचे दोन हात, आणि ते हात वर्षे लोटली म्हणजे दुखू लागतात.

“द्याल ते घेईन” ही सवय कोठून आली? आमच्या समजुतीप्रमाणे तिचे एक मूळ जुन्या बलुत्याच्या रीतीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या पुस्तकात या रीतीचे वर्णन आहे. न्हावी, सुतार, कुंभार इत्यादी लोक वर्षभर गावाचे काम करीत व सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्य घेत. हक्क रूढीने ठरलेला असे हे खरे. तथापि माप घालणारा हात कुणब्याचा असे, व घेणारा पदर पसरून उभा असे. ती रीत बहुतेक मोडली. आज तेल, पीठ, मुलांची वही व बसचे भाडे ही सर्व रोख पैशाने घ्यावी लागतात. दुकानदार कोणास “वाटेल ते द्या” म्हणत नाही. मग जिला सर्व काही ठरलेल्या भावाने घ्यावे लागते, तिने आपले श्रम तेवढे न ठरलेल्या भावाने का द्यावे?

कोणी म्हणेल, नम्रता हा गुण नव्हे काय? होय, परंतु ही नम्रता नव्हे. पाहा, “वाटेल ते द्या” असे म्हणणाऱ्या बाईच्या मनात आकडा नसतो असे नाही. तो असतो, केवळ ओठांवर येत नाही. शेवटच्या दिवशी तिच्या हातात त्याहून कमी पडले म्हणजे ती काही बोलत नाही, परंतु वाटेने कुरकुरत जाते व चार घरी त्या घराची निंदा करिते. तिकडे घरातील गरीब सासू रात्रभर काळजी करिते की, किती दिले असता कमी होणार नाही. जो निर्लज्ज आहे तो थोडके देऊन सुटतो, आणि जो भिडस्त आहे तो उसने काढून देतो. म्हणजे न बोललेल्या मोलाचा लाभ निर्लज्जाला व भार भिडस्ताला. यात न्याय कोणता व नम्रता कोणती?

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शहरांत अशा बाया पुरविणाऱ्या एजन्सी निघाल्या आहेत. त्यांचे दर ठरलेले असतात, आणि त्यांस कोणी लोभी म्हणत नाही. तेच शब्द बाईने स्वतः उच्चारले की तो हावरेपणा होतो. कचेरीने सांगितला तो दर, आणि गरिबाने सांगितला तो लोभ, हा भेद न्यायाचा नव्हे. केवळ मानपानाचा आहे.

आता मोल ठरवावे कसे? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस नावाचे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. न्याय्य किमतीविषयी त्यांनी जो विचार मांडला आहे त्याचे सार असे: विकणाराने किंमत ठरविताना आपणास होणारे नुकसान त्यांत धरावे, परंतु घेणाराची गरज मोठी आहे एवढ्याच कारणावरून किंमत वाढवू नये, कारण ती गरज काही विकणाराची वस्तू नव्हे. हा नियम या कामास बरोबर लागू पडतो. बाळंतीण पहिलटकरीण आहे, घरात दुसरे वडील माणूस नाही, दुसरी बाई गावात मिळत नाही, म्हणून दुप्पट मागणे अन्याय होय. परंतु आपले चालणे, आपला वेळ, आपले झिजणारे हात ही मोलात धरणे अन्याय नव्हे. ती न धरणे हाच स्वतःवर व स्वतःच्या मुलांवर अन्याय होय.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. समजा, एका बाईस घर चालविण्यास महिन्याला १२,००० रुपये लागतात. जाण्यायेण्यास व किरकोळ खर्चास १,०००. आणि आजारपण व म्हातारपण यांसाठी २,००० बाजूस ठेवावे लागतात. एकूण १५,००० झाले. बाळंतपणे सांगून येत नाहीत. कधी चार घरे असतात, कधी एकच. सरासरीने रोज तीन घरे व महिन्याचे २५ दिवस धरले, तर ७५ खेपा होतात. १५,००० ला ७५ ने भागिले असता एका खेपेचे २०० रुपये येतात. आता तिने भिडेस्तव १२० च घेतले, तर महिन्याला ९,००० मिळतील. उरलेले ६,००० कोण भरतो? सावकार भरतो, किंवा तिची मुलगी शाळा सोडून भरते. आकडे ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे बदलतील, परंतु हिशेबाची रीत हीच. जिला लिहिता येत नाही तिला मंडळीतील एखाद्या शिक्षकाने हा हिशेब करून द्यावा. ही लहान सेवा नव्हे.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. परंतु तो मालक व नोकर यांच्यासाठी होता. जी स्वतंत्रपणे घरोघर जाऊन काम करिते तिचे किमान वेतन सरकार ठरवीत नाही. ते तिला स्वतःलाच ठरवावे लागते.

येथे गरिबांचा प्रश्न येतो, आणि तो खरोखर कठीण आहे. जिचा नवरा रोजंदारीवर जातो, तिला २०० रुपये रोज कोठून परवडणार? कित्येक बाया घर पाहून दर सांगतात: कौले असली तर कमी, स्लॅब असली तर जास्त. यात दया आहे, परंतु तिच्याबरोबर कपटही शिरते. कारण मग खरे मोल कोणते हे कोणासच कळत नाही, आणि श्रीमंताला आपण लुटले गेलो असे वाटते. आमची सूचना अशी की, मोल सर्वांस एकच सांगावे व सवलत उघडपणे द्यावी. “माझे मोल २०० आहे, तुमच्याकडून मी १०० घेईन” असे म्हटले म्हणजे मोल तेच राहते, आणि जे सोडले ते दान ठरते. चार घरांत एक घर असे सवलतीचे ठेवीन, असे तिने मनाशी ठरवावे. ज्याची मर्यादा ठरलेली असते ते दान टिकते. बेहिशेबी दान देणारासच एक दिवस मागावयास लाविते.

तसेच मोलाचा व मुलगा-मुलगीचा काही एक संबंध नाही. पुष्कळ ठिकाणी मुलगा झाला तर सुईणीस व तेल लावणारीस अधिक देण्याची रीत होती, आणि ती अजून समूळ गेलेली नाही. मुलीचे अंग काय कमी तेल पिते, की तिला तोलताना हातास कमी जपावे लागते? मुलगा झाला म्हणून अधिक मागणारी बाई प्रत्येक मुलीच्या कानात जणू पहिल्याच सकाळी सांगते की, तू कमी किमतीची आहेस. हे मोल एकच असावे, याविषयी आम्ही कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही.

मोल घ्यावयाचे तर सत्यही राखावे लागते. तेल लाविल्याने आईस आराम पडतो, बाळ शांत निजते, एवढे सांगावे. माझ्या हाताने अमुक रोग जाईल, असे सांगून दिवस वाढवू नयेत. जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगाविषयीच्या आपल्या उपदेशात, जो १७६० साली छापला गेला, रोग लांबवून कमाई वाढविणाऱ्या वैद्यांस कडक दोष दिला आहे. तो या हातांनाही लागू आहे. बाळाच्या नाकाकानांत तेल घालू नये असे डॉक्टर सांगतात. घरची आजी आग्रह करीत असली तरी बाईने ते करू नये. बाळास ताप असेल, ते दूध ओढत नसेल, तर तेलाची वाटी बाजूस ठेवून दवाखान्याची वाट दाखवावी, मग त्या दिवसाचे पैसे बुडाले तरी चालतील. आपले मोल सांगण्याचा अधिकार अशीच बाई निर्भयपणे बजावू शकते.

आता घरच्या लोकांस दोन शब्द. जॉन रस्किन यांनी १८६० साली लिहिले की, आपण वैद्याशी घासाघीस करीत नाही. त्याचे ठरलेले देतो, व चांगला वैद्य निवडतो. मजुराशीही तसेच वागावे, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा बाई चांगली निवडा, आणि तिचे ठरलेले द्या. चहा, जेवण व जुने लुगडे ही मजुरीत मोजू नका. शेवटच्या दिवशी खणानारळ किंवा नवे लुगडे दिलेत तर ते प्रेमाचे देणे. त्याने बाकी फिटत नाही. ठरलेल्या दिवशी पैसे द्या. “पुढच्या बाजारी ये” म्हणू नका. आणि तिच्या हातात द्या. ज्या हातांवर आपले आठ दिवसांचे मूल निर्धास्त सोपविले, त्याच हातांत पैसे टाकताना कित्येक लोक विटाळाच्या भयाने वरून टाकतात. अशा घरी २०० काय, ५०० दिले तरी मोल पुरे दिले असे आम्ही म्हणणार नाही.

ज्या भगिनी हे काम करितात त्यांस आमचे सांगणे एवढेच: पहिल्या दिवशी, तेलाची वाटी हाती घेण्यापूर्वी, आपले मोल, दिवस व पैसे देण्याची वेळ ही तिन्ही स्पष्ट सांगा. आवाज मऊ असू द्या, आकडा मात्र पक्का असू द्या. मग बाळाला पायांवर घ्याल तेव्हा मनात पैशाचा विचार उरणार नाही.