खुंट्यावरचा दुसरा हात



मंगळवारी सकाळी शेजारच्या वहिनींचा डबा परत करायला गेले होते. त्यांचे यजमान सात महिने अंथरुणावर आहेत. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. त्यांना उठवून बसवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, सगळं वहिनी एकट्या करतात. मुलगा परगावी नोकरीला आहे. जमेल तेव्हा येतो, पैसे पाठवतो. पण रात्री दोन वाजता कूस बदलायला वहिनीच उठतात.

वहिनी ओसरीवर जातं मांडून बसल्या होत्या. मेतकूट दळत होत्या. यजमानांना सध्या मऊ भात आणि मेतकूट, एवढेच काय ते दोन घास जातात. "मिक्सरमध्ये ते तापतं आणि वासच उडून जातो," त्या म्हणाल्या. शेजारी सुपात भाजलेली हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, मेथ्या, जिरं, हळकुंडाचे तुकडे. सगळी ओसरी खमंग वासानं भरली होती.

ज्यांनी जातं ओढलंय त्यांना ते काय असतं हे सांगायला नको. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हातानं वैरण घालायची. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग दंड भरून येतो, मग खांदा, मग पाठ. म्हणून तर आमच्या आज्या-पणज्या समोरासमोर बसून दळायच्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं ढकलायचं. दगड तोच, दाणे तेवढेच, पण जातं हलकं होतं.

मी टेकले तेवढ्यात वहिनींचे एक नातेवाईक भेटायला आले. दाराशीच उभे राहिले, आत डोकावले आणि निघताना म्हणाले, "खंबीर राहा हं. तुम्हीच अशा खचलात तर कसं व्हायचं?" वहिनींनी मान डोलावली. मला मात्र राग आला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे कळत होतं. पण सात महिन्यांत वहिनींनी हेच वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! जो आधीच ओझ्याखाली वाकलाय, त्याच्या डोक्यावर आपण खंबीरपणाचं आणखी एक ओझं ठेवतो आणि चपला घालून निघून जातो.

ते गेल्यावर वहिनींनी खुंटा सोडला. हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाल्या, "काल रात्री पांडुरंगाला सांगून टाकलं. म्हटलं, इतके दिवस तुझ्याकडे बळ मागत होते. आता बळ नको. आता तूच ये."

हे ऐकलं आणि मला जनाबाई आठवल्या.

जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आल्या आणि तिथंच त्यांचा जन्म गेला. दळण, कांडण, पाणी भरणं, गोवऱ्या वेचणं. मोठ्या खटल्याच्या घरातलं न संपणारं काम. स्वतःला त्या नामयाची दासी म्हणवत. पंढरपूरजवळ गोपाळपूरला गेलात तर तिथं आजही जनाबाईंचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. वारकरी बायका त्याला हात लावल्याशिवाय पुढं जात नाहीत.

जनी एकटी दळायला बसली की विठ्ठल यायचा आणि तिच्यासोबत जातं ओढायचा, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, "देवच होता ना तो, मग एका क्षणात सगळं दळण करून का नाही टाकलं?" आजी म्हणाली, "अगं, ती दळण संपव म्हणून बोलावत नव्हती. ती ये म्हणून बोलावत होती."

तेव्हा ते कळलं नाही. मंगळवारी, वहिनींच्या ओसरीवर कळलं. आपण संकटात देवाकडे बळ मागतो, तेव्हा मनात कुठंतरी असं असतं की तू बळ दे, पुढचं मी एकटी ओढीन. जनीनं खुंटा सोडला नाही, पण आपण एकटीच्या जिवावर तो ओढू शकतो असंही कधी मानलं नाही. ती थकली की थकले म्हणाली. विठ्ठलानं तिचं जातं उचलून नेलं नाही, दासीपणही संपवलं नाही. तो समोर येऊन बसला.

महाराष्ट्रातल्या बायकांना ही गोष्ट पोथी न वाचता उमगली होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत विठ्ठल पुन्हापुन्हा येतो. कधी बाप होऊन, कधी भाऊ होऊन, अगदी घरच्या माणसासारखा. सासर, दुष्काळ, आजारपण, सगळी दुःखं त्याच्यापाशी बोलली गेली, आणि तीही पहाटेच्या अंधारात, दळता दळता.

वहिनी पुन्हा खुंट्याला हात घालणार, तेवढ्यात दारात भाजीवाली आली. रोज येते ती. पाटी उतरवली, वहिनींच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आतल्या खोलीकडे एकदा. भाव नाही, भाजी नाही. पदर खोचला, समोर फतकल मारून बसली आणि खुंटा धरला. "एकटीनं जातं जड जातं, काकू. घाला वैरण."

वहिनी वैरण घालत राहिल्या. दोन हात एका खुंट्यावर गोल फिरत राहिले. पाळीतून पिवळं पीठ झरत राहिलं. अर्ध्या तासात सूप रिकामं झालं. आत यजमान जागे झाले असावेत. मेतकुटाच्या वासानं त्यांनी काहीतरी अस्पष्ट हाक मारली, आणि वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.

जनीच्या कथेत पुढं असंही सांगतात की दळून झाल्यावर घाईघाईत विठ्ठल आपला शेला विसरला आणि जनीची वाकळ पांघरूनच राऊळात परतला.

भाजीवालीनं पाटी डोक्यावर घेतली, तेव्हा तिच्या हातांना, पदराला, अगदी कपाळालाही मेतकुटाची पिवळी पूड लागली होती. ती झटकायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. तशीच "मेथी घ्या, मेथी" करत बोळातून पुढं गेली.

वहिनी बराच वेळ दाराशी उभ्या राहून तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. मी विचारलं नाही, कुणाला.